लाइट गेले की उपसा कोण करणार?

न्यू जर्सीत घर बघायला गेलेला मराठी माणूस देवघर कुठे बसेल ते आधी बघतो, फोडणीचा धूर चिमणीतून खरोखर घराबाहेर जातो का ते विचारतो आणि शेवटी बेसमेंटमध्ये उतरतो. तिथे त्याचं मन रमतं. इथे टेबल टेनिस, इथे मखराची खोकी, इथे मंडळाच्या नाटकाच्या तालमी. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या गोल झाकणाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. एडिसनमधलं आमचं घर घेताना माझंही गेलं नव्हतं. त्या झाकणाखाली अठरा इंच रुंद आणि दोन फूट खोल खड्डा आहे, त्यात बादलीएवढा एक पंप उभा आहे. तो सम्प पंप. तो चालतो तोवर बेसमेंट ही खोली असते, थांबला की विहीर.

इथे बेसमेंट असतात ते थंडीमुळे. गोठलेली जमीन फुगते आणि वरचं बांधकाम उचलते, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली, आमच्या भागात साधारण तीन फूट, न्यावा लागतो. एवढं खणायचंच, तर आणखी थोडं खणून खोलीच का काढू नये, असा तो विचार. पण पाऊस झाला किंवा बर्फ वितळलं की जमिनीतलं पाणी वर येतं आणि भिंतीच्या बुडाशी दाबून बसतं. त्याला वाट द्यायला पायाच्या कडेने खडी भरून तिच्यात भोकांचा पाइप टाकतात. त्याला फ्रेंच ड्रेन म्हणतात, आणि फ्रान्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. मॅसॅच्युसेट्समधले हेन्री फ्रेंच नावाचे वकील-न्यायाधीश होते, त्यांनी १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यांचं हे आडनाव. वॉशिंग्टन शहरातल्या स्मारकात बसलेला संगमरवरी लिंकन घडवणारे डॅनियल चेस्टर फ्रेंच हे त्यांचेच चिरंजीव. मुलाचं काम बघायला जग जातं, वडिलांचं काम जमिनीखाली वाहत असतं.

हे पाणी खड्ड्यात जमतं. पाणी चढलं की त्यावर तरंगणारा फ्लोट वर उचलला जातो, पंप सुरू होतो, पाणी पाइपातून घराबाहेर जातं, फ्लोट खाली येतो, पंप थांबतो. पाइपातलं पाणी उलटं खड्ड्यात येऊ नये म्हणून वर एक चेक व्हॉल्व्ह. एवढंच यंत्र. मोटर जळण्याआधी बहुधा फ्लोट दगा देतो, कुठे तरी अडकतो. आणि त्याहीआधी दगा देते वीज. कारण ज्या वादळात पाणी भरतं, त्याच वादळात झाड तारांवर पडतं.

ऑगस्ट २०११ मुळातच विक्रमी पावसाचा महिना होता. जमीन तुडुंब भरलेली, त्यात २८ तारखेला आयरीन वादळ आलं. आमचे लाइट पहाटे गेले. मी नांदेडचा, लोडशेडिंगमध्ये वाढलेला, तेव्हा अंधाराची भीती नव्हती. तिथे इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझ्याकडेच असे. पण इथे लाइट क्वचित जातात म्हणून घरात इन्व्हर्टरच नव्हता. बादल्यांनी उपसता उपसता सकाळपर्यंत घोट्याएवढं पाणी झालं. वीस वर्षांचे दिवाळी अंक भिजून एकमेकांना चिकटले. नंतर कळलं की घराच्या साध्या विम्यात सम्पचं पाणी धरत नाहीत, त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

तेव्हापासून बॅकअप कोणता घ्यावा हे मला लोक विचारतात. मी उलट विचारतो, तुमचा खड्डा किती वेळात भरतो? याचं उत्तर शंभरात दोघांकडे असेल. लोक पंपाचा हॉर्सपॉवर सांगतात, बॅटरीची किंमत सांगतात. खड्डा मोजत कोणी नाही.

मोजणं सोपं आहे. अठरा इंची खड्ड्यात पाणी एक इंच चढलं म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास आलं. भर पावसात पंपाचा प्लग काढायचा, घड्याळ लावायचं आणि पाणी दहा इंच चढायला किती वेळ लागतो ते बघायचं. माझ्याकडे दोन मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला एकवीस लिटर. आता गंमत बघा. एवढं पाणी तीन मीटर वर उचलायचं काम भौतिकशास्त्राच्या हिशेबात फक्त दहा वॉटचं आहे! मात्र एक तृतीयांश हॉर्सपॉवरचा साधा पंप चालताना आठशे वॉटच्या घरात खातो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. हा सुरुवातीचा हिसका छोटा इन्व्हर्टर सोसत नाही, तो बंद पडतो आणि पंप नुसता गुरगुरतो.

पंप मिनिटाला सव्वाशे लिटर फेकतो असं धरलं, तर माझ्या पावसात तो सहा मिनिटांतलं एकच मिनिट चालतो. म्हणजे सरासरी एकशे तीस-पस्तीस वॉट. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीत सव्वा युनिटसुद्धा नसतं, आणि लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातलं निम्मंच वापरावं. इन्व्हर्टरची गळती वजा केली की हाती लागतात जेमतेम चार तास. मोटरसाठी इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा हे वेगळंच, स्वस्तातल्याने ती तापते.

म्हणून मी इन्व्हर्टर सोडून दिला आणि खड्ड्यात दुसरा पंप बसवला, बॅटरीच्या डीसीवर थेट चालणारा. तो मुख्य पंपाइतकं फेकत नाही, पण खातोही फार कमी. त्याच बॅटरीवर माझ्या हिशेबाने दुपटीहून जास्त वेळ निघतो. शिवाय मुख्य पंप जळला किंवा अडकला तरी हा असतोच, इन्व्हर्टर तिथे काय करणार? एडिसन गाव ज्याच्या नावाचं, त्या थॉमस एडिसनने डीसीसाठी वेस्टिंगहाउसशी भांडण मांडलं आणि तो हरला. त्याच्या गावात, अंधारात, डीसीच कामाला येतो याची मला उगाचच मजा वाटते.

विजेशिवाय चालणाराही एक पंप मिळतो. नळाचं पाणी अरुंद तोंडातून जोरात सोडलं की तिथला दाब कमी होतो आणि खड्ड्यातलं पाणी त्यात ओढलं जातं. दोन लिटर बाहेर काढायला साधारण एक लिटर नळाचं पाणी जातं. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. पण घाण पाणी नळात उलटं जाऊ नये म्हणून खास व्हॉल्व्ह लागतो, काही गावं परवानगीच देत नाहीत, आणि ज्यांच्या घराला बोअरचं पाणी आहे त्यांना हा निरुपयोगी. लाइट गेले की त्यांचा नळच बंद.

जनरेटरवाल्यांना मी २०१२ ची आठवण करून देतो. २९ ऑक्टोबरला सँडी वादळ आलं. आमच्याकडे पाऊस बेताचा पडला, वारं मात्र भयंकर होतं, आणि वीज कित्येक घरांत आठवडाभर आली नाही. खड्डे सावकाश भरत होते, पण बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी संपल्या. ज्यांच्याकडे जनरेटर होते ते पेट्रोलच्या रांगेत, कारण पेट्रोल पंपांनाही वीज लागते. उत्तरेकडच्या बारा काउंट्यांत सम-विषम नंबरप्लेटवर पेट्रोल मिळत होतं. जनरेटर घ्याच, पण तो घरापासून वीस फूट लांब ठेवा. गराजचं दार उघडं ठेवून आत चालवणारे त्याच्या धुराने मेले आहेत. आणि वायर घराच्या सॉकेटमध्ये खुपसू नका, वीज उलटी तारांत जाते आणि दुरुस्तीला चढलेला लाइनमन मरतो. पाइप गॅसवर आपोआप सुरू होणारा मोठा जनरेटर यातून सोडवतो, फक्त त्याला हजारो डॉलर लागतात.

इडा वादळाने १ सप्टेंबर २०२१ ला वेगळंच दाखवलं. त्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच, म्हणजे ८० मिलिमीटर पाऊस झाला. शहरात तेरा माणसं गेली, त्यातली अकरा बेसमेंटमध्ये. कितीतरी घरांत लाइट होते, पंप चालत होते, पाणी जिन्यावरून आणि खिडक्यांतून येत होतं. अशा वेळी उपसत बसायचं नाही, वर निघून जायचं.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागण्याआधी मी मुख्य पंपाचा प्लग काढतो आणि खड्ड्यात बादल्या ओततो. तिसऱ्या बादलीला बॅटरीचा पंप सुरू व्हायला हवा. यंदा पाच झाल्या तरी तो गप्प. बॅटरी भरलेली, चार्जरचा हिरवा दिवा लागलेला. टॉर्च मारून वाकून बघितलं, तर फ्लोट मुख्य पंपाच्या वायरीत अडकून बसला होता. झाडूच्या दांड्याने ढकलला, तसा तो सुरू झाला.