कावळ्याची चोच आणि कृष्णविवरांची टक्कर

परळीच्या वैजनाथाचे दर्शन झाले की पुढे औंढा नागनाथ, ही वाट बीडच्या भाविकांना नवी नाही. त्याच औंढ्याजवळ, हिंगोली जिल्ह्यात, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अंबाजोगाईत किंवा माजलगावात बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींना मग साहजिकच प्रश्न पडतो: भौतिकशास्त्र आणि मशीन लर्निंग एकत्र आणणाऱ्या एखाद्या संशोधन गटात आपल्याला शिरता येईल का?

येईल. पण त्या गटांत नेमके काय चालते, ते आधी पाहिले पाहिजे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन्ही लायगो वेधशाळांनी पहिली लहर टिपली. सूर्याच्या साधारण ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्या लहरीने चार किलोमीटर लांबीच्या भुजेत घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही लहान होता, आणि सगळा खेळ जेमतेम ०.२ सेकंदाचा. जत्रेच्या गोंगाटात घरच्या माणसाची हाक ओळखू येते, कारण तो आवाज आपल्या कानात आधीच बसलेला असतो. इथेही तेच करतात. आईन्स्टाईनच्या समीकरणांवरून लहर कशी दिसेल याचे हजारो नमुने काढून ठेवायचे आणि येणारी विदा त्यांच्याशी ताडून पाहायची.

ही पद्धत या क्षेत्रात रुजवणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर अग्रणी होते. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१ मध्ये लिहिलेला शोधनिबंध हा या कामाचा एक पाया. लहर सापडण्याच्या चोवीस वर्षे आधीचा! गुरुत्वीय लहरींच्या शोधाला मिळालेल्या २०१७ च्या नोबेलची चर्चा होते तेव्हा पुण्यातल्या या कामाचे नाव फार थोड्यांच्या तोंडी येते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विज्ञान विद्यार्थ्याला ते माहीत असायला हवे.

मग मशीन लर्निंग कुठे लागते? मुख्यतः गोंगाट ओळखायला. उपकरणात सतत खोटे ठसे उमटतात, त्यांना ‘ग्लिच’ म्हणतात. लायगोच्या दोन वेधशाळांपैकी हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ च्या उन्हाळ्यात असेच काही विचित्र ठसे दिसू लागले. शोध घेतला तेव्हा द्रवरूप नायट्रोजनच्या यंत्रणेला जोडलेल्या नळीवरच्या बर्फात चोचीच्या खुणा सापडल्या. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते! लहानपणी ऐकलेला तहानलेला कावळा थेट विश्वाच्या संशोधनात येऊन बसला.

असे ठसे हाताने निवडायचे तर माणसे पुरणार नाहीत. म्हणून २०१६ मध्ये ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ हा उपक्रम सुरू झाला. सामान्य नागरिक ग्लिचच्या चित्रांचे वर्गीकरण करतात, त्यावर न्यूरल नेटवर्क शिकते आणि नेटवर्क पुन्हा माणसांना मदत करते. शास्त्रज्ञांच्या यादीत नसलेले काही नवे प्रकार या स्वयंसेवकांनीच हेरले. संशोधन गटाशी भागीदारी म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

२०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना न्यूरल नेटवर्कवरच्या कामासाठी मिळाल्यापासून ‘आता सगळे एआयच करील’ असा सूर वाढला आहे. तो खरा नाही. नेटवर्क ‘हा ग्लिच वेगळा आहे’ एवढे सांगते. त्यामागे कावळा आहे की आरशावरून विखुरलेला प्रकाश, ते शोधायला उपकरणाचे भौतिकशास्त्र कळणारा माणूसच लागतो. तेव्हा पायथॉन शिकण्याच्या घाईत प्रकाशशास्त्र आणि सांख्यिकी मागे टाकणाऱ्यांचे नुकसानच होईल.

सुरुवातीला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लायगोच्या प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांची विदा मोफत खुली आहे, सोबत सरावाचे धडेही आहेत. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांसाठी आयुकाची सहयोगी योजना आहे, तिच्याद्वारे त्यांना पुण्यात जाऊन संशोधन करता येते. बीड जिल्ह्यातल्या प्राध्यापकांनी या योजनेसाठी अर्ज करावा आणि येताना विद्यार्थ्यांसाठी एखादा छोटा प्रकल्प घेऊन यावे. विद्यार्थ्यांनी तोवर १४ सप्टेंबर २०१५ ची विदा उतरवून घ्यावी आणि त्यातली लहर स्वतः शोधून काढावी.