टी, के, यू, एस, क्यू, जी म्हणजे जानेफळ

आमचे जानेफळ मराठीत लिहायला चार अक्षरे पुरतात. पण संगणकाच्या पोटात हेच नाव बरीच वर्षे ‘टी, के, यू, एस, क्यू, जी’ अशा सहा इंग्रजी अक्षरांचे होते. संगणकावर ‘कृतिदेव’ हा फॉन्ट असेल तर पडद्यावर जानेफळ दिसे; नसेल तर नुसता हा अगम्य मंत्र. मशीनला मराठी येतच नव्हती. इंग्रजी ‘टी’ला ‘ज’चा आणि ‘के’ला कान्याचा मुखवटा चढवला होता, एवढेच. त्यातही प्रत्येक फॉन्ट कंपनीचे मुखवटे वेगळे! मेहकरला टंकलेले पत्र बुलढाण्याला पोहोचेपर्यंत त्याचे काय होईल, हे टपाल खात्याच्या नव्हे, तर फॉन्टच्या हाती असे.

बँकेतल्या नोकरीत या प्रकाराशी माझी चांगलीच गाठ पडली. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत संगणक येऊ लागले. संघटनांचे मोर्चे, वाटाघाटी हे सारे वाचकांना आठवत असेल. आमच्याकडे मुख्य यंत्र होते युनिक्सचे आणि टेबलांवरचे संगणक आधी डॉसचे, मग विंडोजचे. दोघांची भाषा निराळी. एका खोलीत राहून न बोलणाऱ्या जावांसारखे ते नांदत, आणि आम्ही मधे फ्लॉपी घेऊन निरोप पोहोचवत असू.

या जावांना बोलते केले ते ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने. अँड्र्यू ट्रिजेल कॅनबेरा येथे पीएच. डी. करत होता. डॉसचा संगणक युनिक्सशी जोडायचा होता आणि त्या संभाषणाचे नियम तर त्याच्या हाती नव्हते. मग त्याने तारेतून जाणारे संदेश निरखून ते नियम ताडले आणि १९९२ च्या सुरुवातीला आपला प्रोग्रॅम सर्वांना फुकट दिला. परक्या मुलखातल्या बाजारात बसून भावताव ऐकत भाषा शिकावी, तसला हा उद्योग. पुढे एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द त्याने शब्दसूचीत शोधला आणि नाव ठेवले ‘सांबा’. मायक्रोसॉफ्टचे अधिकृत नियम सांबावाल्यांना मिळाले ते २००७ च्या डिसेंबरात. युरोपीय आयोगाने कायद्याचा बडगा उगारला होता, तरीही दहा हजार युरो मोजावे लागले. फुकट देणाऱ्याने पैसे भरून नियम विकत घ्यावेत, हा व्यवहार माझ्यातल्या बँकवाल्याला अजून पटलेला नाही.

असो. फाईल पोहोचण्याची सोय झाली; ती वाचायची कशी, हा प्रश्न उरलाच होता.

२००८ च्या अर्थसंकल्पात केंद्राने शेतीकर्ज माफ केले. दोन हेक्टरपर्यंतच्या कास्तकाराला पूर्ण माफी, त्यावरच्यांना पंचवीस टक्के सवलत, आणि याद्या शाखेच्या फलकावर लावायच्या. आमची यादी मराठीत होती. वरच्या कार्यालयातल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. तिथे कुणीतरी नावे इंग्रजीत उतरवली, ती परत आली आणि पुन्हा मराठीत लिहिली गेली. या फेऱ्यात ‘वाघ’चा ‘वाग’ झाला, ‘काळे’चा ‘काले’. एक म्हातारे कास्तकार फलकापुढे बराच वेळ उभे होते. शेवटी सातबारा पुढे करून म्हणाले, “साहेब, रक्कम माही हाय, पण माणूस कोन्ता दुसराच हाय हा.” ओळ त्यांचीच होती. पण तेवढे कागदावर सिद्ध करायला त्यांच्या तीन चकरा झाल्या, आणि तेही पेरणीच्या दिवसांत.

यावरचा उपाय, म्हणजे युनिकोड, खरे तर १९९१ पासून होता. त्यात ‘ज’ला स्वतःचा क्रमांक असतो, मग यंत्र कोणतेही असो. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट. तो घडवला मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. मात्र ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ साल उजाडले.

आणि एक पाचर अजून आहे. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द घ्या. यातला चंद्रकोरीसारखा ‘र’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक टिंबाच्या ‘ऱ’पासून, दुसरा साध्या ‘र’ला अदृश्य सांधा लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण एका पद्धतीने लिहिलेला शेतकरी दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर कित्येक प्रोग्रॅम सांगतात, असा शब्दच नाही! म्हणून यादीत नाव सापडले नाही तर ते दोन्ही तऱ्हांनी शोधायला सांगावे. नुसते वाचायचे असेल तर पीडीएफ पाठवावी, दुरुस्त करायचे असेल तर मूळ फाईल, पण ती युनिकोडमधली.

जुन्या फॉन्टमधले मजकूर बदलून देणारे प्रोग्रॅम आता मिळतात. माझ्या एका जुन्या कादंबरीचे हस्तलिखित, म्हणजे टंकलिखितच, मी त्यातून काढले. पहिल्या प्रकरणात नायक ‘शेतकर्यां’च्या सभेला गेलेला निघाला, रफार थेट ‘य’च्या डोक्यावर. पुढची अकरा प्रकरणे अजून तपासायची आहेत.