मोटारीचे मंदावणारे दिवे : कारण कोणते, कार्य कोणते?

पन्हाळ्याच्या घाटात पावसाळी धुक्यात दिव्यांवाचून दरीकडील वळण दिसत नाही. तेथेच दिवे मंदावतात 'आणि' आयडलिंग वरखाली होते, असे चालक सांगतो. या 'आणि'त कार्यकारणभाव दडलेला असू शकतो. त्याची दिशा मात्र मापनानेच ठरते. दिवे लावून बॅटरीच्या टोकांवरील विद्युद्दाब पाहावा. इंजिनाचा वेग वाढविताच तो १४ व्होल्टांच्या आसपास स्थिरावला, तर दोष बहुधा आयडलिंगचाच : मळलेला थ्रॉटल किंवा हवेची गळती. तो १३ च्या खालीच राहिला, तर पट्टा व आल्टरनेटर तपासावा. नवी बॅटरी घेण्याची घाई येथे व्यर्थ होय. दाब योग्य असूनही प्रकाश क्षीण असल्यास दिव्यांच्या अर्थिंगची जोडणी गंजली असण्याचा संभव अधिक; दमट हवेत तर विशेषच.