नेटवर्क ठप्प, तरी मेसेज जाणार? समजून घ्या ‘मेश नेटवर्क’

अंगारकीला प्रभादेवीत सिद्धिविनायकाच्या रांगेत अनेकदा फोनला रेंज दिसते, पण मेसेज जात नाही. एकाच टॉवरवर हजारो फोनचा भार येतो. २६ जुलै २००५ च्या पुरात तर मुंबईची मोबाइल सेवाच कोलमडली होती. अशा वेळी टॉवरशिवाय मेसेज पाठवता येतो का?

मेश नेटवर्क म्हणजे काय?
यात फोनच एकमेकांचे निरोप पोहोचवतात. तुमचा मेसेज ब्लूटूथवरून जवळच्या फोनला, तिथून पुढच्या फोनला जातो. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी जुलै २०२५ मध्ये आणलेले ‘बिटचॅट’ असेच चालते.

मेसेज फिरतच राहत नाही का?
नाही. प्रत्येक मेसेजला ओळख असते. एकदा आलेला मेसेज फोन पुन्हा पुढे पाठवत नाही. शिवाय टप्प्यांना मर्यादा असते. बिटचॅटमध्ये ती ७ आहे.

किती दूर जातो?
एक टप्पा ३० मीटरचा धरला, तर ७ टप्प्यांत २१० मीटर. मंदिरापासून प्रभादेवी स्टेशन एक किलोमीटरहून दूर आहे. म्हणजे रांगेत चुकामूक झालेल्या आईला निरोप मिळू शकेल, स्टेशनवर थांबलेल्या भावाला मिळणे कठीण.

हे लक्षात ठेवा
• मधल्या लोकांच्या फोनमध्येही तेच अ‍ॅप आणि ब्लूटूथ सुरू हवे.
• अ‍ॅप घरूनच डाउनलोड करून निघा. गर्दीत ते होणार नाही.
• मेसेज पोहोचेलच याची हमी नाही. संकटात आधी ११२ लावा आणि भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा.