स्ट्रॉबेरीची धावती खोडे

स्ट्रॉबेरीचे बी पेरले तर रोपे उगवतात. पण ही जात संकरित असल्याने ती मूळ रोपासारखी निघत नाहीत. म्हणून रोपे धावत्या खोडापासून करतात.

हे खोड हरळीप्रमाणे जमिनीलगत पसरते. त्याच्या दुसऱ्या पेरावर बहुधा पानांचा झुबका येतो. तेथे मातीची कुंडी ठेवावी व तारेच्या आकड्याने पेर मातीला टेकवावे. झुबक्याचा गाभा मात्र पुरू नये, तो कुजतो. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरली की जोडखोड कापावे. तोवर मातृरोपच नव्या रोपाला पोसते.

नवे रोप आनुवंशिकदृष्ट्या मातृरोपच असते. गोडी तीच येते. पण त्याच वाटेने विषाणूही येतात! म्हणून आक्रसलेल्या पानांचे रोप, फळे कितीही गोड असोत, मातृरोप म्हणून निवडू नये.