कलम ७२ आणि लाल बावटा

घोडबंदर रस्त्यावरचं चेणे मागे टाकून अहमदाबाद महामार्गाला लागलं की शंभरेक किलोमीटरवर तलासरी येतं. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत दोन्ही गावं एकाच ठाणे जिल्ह्यात होती. तलासरीत कम्युनिस्टांचा लाल बावटा अजून निवडणुका जिंकतो. ज्या मॉस्कोकडे बघून तो इथे रोवला गेला, तिथून तो २५ डिसेंबर १९९१ च्या रात्री उतरला. सात महिने आधी, मे महिन्यात, मुंबईतले कम्युनिस्ट नेते कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे गेले होते.

मॉस्कोचं साम्राज्य भाकरीच्या रांगांनी पोखरलं, पण ते फुटलं राष्ट्रीयत्वाच्या सांध्यावर. १९७७ च्या सोव्हिएत घटनेतलं कलम ७२ प्रत्येक प्रजासत्ताकाला फुटून निघायचा हक्क देत होतं. तो कुणी खरंच बजावेल, असं लिहिणाऱ्यांना वाटलं नसावं. २३ ऑगस्ट १९८९ ला एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनियातल्या लाखो माणसांनी टालिनपासून विल्नियसपर्यंत हातात हात धरून साखळी केली. ११ मार्च १९९० ला लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. जानेवारी १९९१ मध्ये विल्नियसच्या दूरदर्शन मनोऱ्यापाशी रणगाडे आले, माणसं मेली, पण निर्णय फिरला नाही. १ डिसेंबरला युक्रेनमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली आणि प्रश्न संपला.

फुटून निघण्याच्या हक्काची ही कल्पना आपल्याकडे आणणारा माणूस मूळचा पनवेलचा: बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेले गंगाधर अधिकारी. १९४२ च्या त्यांच्या मांडणीनुसार कम्युनिस्ट पक्षाने भारतातल्या राष्ट्रकांना, म्हणजे भाषा-संस्कृतीने वेगळ्या समूहांना, हवं तर फुटून निघण्यासकट, स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. आणि त्याच वर्षी ‘चले जाव’पासून पक्ष दूर राहिला! राष्ट्रकांचं स्वातंत्र्य मान्य, पण दारात उभ्या असलेल्या स्वातंत्र्याला ‘थांब’ म्हणायचं, ही कसरत लोकांना पटली नाही.

पक्षाला मराठी माणूस परत मिळाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. मुख्यमंत्री मोरारजी देसाईंच्या काळातला गोळीबार, हुतात्मे, आणि गिरणगावात डांगे, अत्रे, एस. एम. जोशी एकाच व्यासपीठावर. १९५७ ला डांगे मुंबईतून लोकसभेत गेले, ठाण्यातून शामराव परुळेकर. राज्य मिळालं तेही कामगार दिनी. पण ते मिळाल्यावर भाषेचा मुद्दा पक्षाने सोडून दिला, आणि १९६६ मध्ये शिवसेनेने तो उचलला. १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी हरल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. १९८२ च्या गिरणी संपाचं नेतृत्व तर दत्ता सामंतांकडे गेलं. डांग्यांना त्याआधीच, १९८१ मध्ये, त्यांच्याच पक्षाने काढून टाकलं होतं.

तलासरीची गोष्ट वेगळी, कारण तिथे सुरुवातच भाषेपासून झाली नव्हती. २३ मे १९४५ ला झरी गावात वारली जमले ते वेठबिगारी आणि लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबवणारी लग्नगडी पद्धत मोडायला. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली मेले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी हा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवला आहे. गंमत अशी की १९६० ला राज्य झालं तेव्हा हा मुलूख ज्यात होता त्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. पक्षाने ज्या राज्यासाठी लढा दिला, त्याच्याच सीमेने पक्षाचा गड चिरला.

तरी उरलेला भाग टिकला. वेठ गेली, पण जंगलजमिनीचे दावे अजून सरकारी कचेऱ्यांत पडून आहेत आणि त्यांच्या मागे जाणारी माणसं बहुतेक लाल बावट्याचीच असतात. २०१८ ला नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या मोर्च्यातली मोठी मागणी हीच होती. तलासरी ज्या डहाणू मतदारसंघात आहे, तिथून २०१९ ला आणि २०२४ ला पुन्हा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले.