दैव, नशीब आणि ‘लक’

अमळनेरच्या एखाद्या घरांत परीक्षेचा निकाल प्रतिकूल लागला, कीं एकाच घटनेला तीन नांवें ऐकूं येतात. आजी ‘नशीब’ म्हणते, वडील ‘प्रारब्ध’ म्हणून सुस्कारा टाकतात, आणि मुलगा म्हणतो, “लक नव्हतें.” तिघांचें म्हणणें एकच, असा श्रोत्यांचा समज होण्याजोगा आहे, पण तो खरा नाहीं.

‘नशीब’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ हिस्सा. ‘किस्मत’ म्हणजे वांटणी. आपलें ‘भाग्य’ ज्या ‘भज्’ धातूपासून आलें, त्याचाहि एक अर्थ वांटून देणें असाच आहे. इंग्रजींतील ‘लॉट’ हें वांटणीसाठीं टाकावयाच्या चिठ्ठीसारख्या खुणेचें नांव होतें; पुढें वांट्याला आलेल्या भागालाच तें लागलें. खळ्यावर ज्वारीच्या राशीचे वांटे पडावेत, तशी ही कल्पना आहे. वांटा म्हटला कीं वांटणारा आला, आणि वांटणाऱ्याकडे तक्रारहि करतां येते. आजीच्या ‘नशीब’ या शब्दांत ती तक्रार असते.

इंग्रजी ‘फेट’ याहून कठोर. बोलणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो निघाला. फेट म्हणजे दैवी मुखांतून बाहेर पडलेलें वचन. त्याचाच ‘फेटल’ आज केवळ प्राणघातक या अर्थीं उरला आहे. ‘डूम’ची गतहि तीच. मुळांत डूम म्हणजे न्यायनिवाडा. इंग्लंडांत १०८६ सालीं जमिनींची जी प्रचंड नोंद झाली, तिच्या निवाड्यावर अपील नाहीं म्हणून लोकांनीं तिला ‘डूम्स्डे’ची वही म्हटलें. (आपल्या सात-बाराच्या उताऱ्याला असें नांव कोणी दिलें नाहीं, हें नवलच.)

आपल्याकडे दैव बोललें जात नाहीं, तें लिहिलें जातें. बाळाच्या सहाव्या रात्रीं कोरा कागद व लेखणी ठेवावी आणि सटवाईनें येऊन लेख लिहावा, ही समजूत घरोघरीं आहे. लेख कपाळावर, म्हणून ज्याचा त्यालाच तो दिसत नाहीं. ज्योतिषाचा सारा व्यवसाय या अडचणीवर उभा आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अकालीं वैधव्य आलें. आपलें दैव आपल्याला कळतें, तूं दारीं येऊं नकोस, असें त्यांनीं एका कवितेंत ज्योतिष्याला बजावलें आहे. दैव न नाकारतां त्याचा दलाल नाकारणारी ही बाई खरोखर धन्य होय.

‘प्रारब्ध’ मात्र वांटलेलेंहि नव्हे आणि बोललेलेंहि नव्हे. त्याचा सरळ अर्थ ‘आरंभ झालेलें’. सांठलेलें कर्म तें संचित, फळूं लागलें तें प्रारब्ध, आज हातून घडतें तें क्रियमाण. भात्यांतला बाण, सुटलेला बाण आणि हातांतला बाण हा वेदान्त्यांचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. सुटलेला परत येत नाहीं. परंतु धनुष्य ज्याचें त्याच्याच हातीं असतें. अमळनेरलाच प्रताप शेठजींनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापिलें. तत्त्वचिंतनाची अशी परंपरा असलेल्या गांवीं तरी प्रारब्धाचें भाषांतर ‘फेट’ असें होऊं नये. फेट परक्याचें वचन आहे, प्रारब्ध स्वतःचीच करणी.

राहिलें मुलाचें ‘लक’. हा शब्द पंधराव्या शतकांत डच व उत्तर जर्मन बोलींतून इंग्रजींत आला, तो बहुधा जुगाऱ्यांच्या तोंडून. त्याला वांटणारा नाहीं, लिहिणारा नाहीं, करणाराहि नाहीं. म्हणूनच तो तोंडांत इतका हलका वाटतो. अपयशानंतर मुलानें तो उच्चारला, कीं विचारायचें कोणाला हा प्रश्नच संपतो; वडिलांच्या शब्दांत निदान अभ्यास झाला होता काय, एवढें विचारण्यास जागा राहते.

‘चान्स’ हा त्याचाच सोबती. तो ‘पडणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. फांसा पडावा तसा. सोंगट्यांच्या खेळांत आपणहि ‘दान पडलें’ असेंच म्हणतों. परंतु मराठींत आल्यावर चान्सचा अर्थ संधि असा झाला. दैव रुसतें, नशीब उघडतें, कपाळ फुटतें. माणूस बाजूला उभा राहून पाहतो. चान्स मात्र मागतात, देतात, घेतात आणि घालवतातहि.